हवेचा कारभार

"मावशी, दोन पुड्या द्या. एक खारे, एक मसाला."

ताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुठल्याशा पेशंटचा नातेवाईक त्यांच्याकडे शेंगदाणे मागत होता आणि ताई त्याला सांगत होत्या की हे वायफाय आहे. माणूस ऐकायला तयार नव्हता. त्याची तरी काय चूक? परळच्या आमच्या हॉस्पिटलचा चौथा मजला, लिफ्टसमोरची जागा. पन्नाशी ओलांडलेली एक ठेंगणी बाई, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेली लाकडी फळी. चौपाटीवर चणेवाले अडकवतात अगदी तशी. फळीवर उघडा लॅपटॉप, त्याच्या बाजूला बोटभर उंचीच्या दोन काळ्या दांड्या. ताई दोन पावलं चालायच्या, थांबायच्या, एक बटण दाबायच्या, छताकडे बघायच्या, पुन्हा दोन पावलं.

"अहो, मी हवा मोजतेय," ताई म्हणाल्या.

"बरं, मोजून झाली की द्या. घाई नाही," तो म्हणाला आणि खरंच बाकावर बसून राहिला.

ताई हसायला लागल्या. त्यांचं हसणं म्हणजे एक प्रकरण होतं. आधी आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे, मग फळी हलायची, मग लॅपटॉप घसरायला लागायचा, आणि शेवटी एवढ्याशा देहातून असा काही खदखदाट बाहेर पडायचा की शेजारच्या वॉर्डातून सिस्टर ओठांवर बोट ठेवत बाहेर यायच्या. तो लॅपटॉप पडता पडता मी धरला. आमची ओळख ती अशी झाली.

माझा तो नोकरीचा पहिला दिवस होता. गिरगावातल्या ज्या ट्रॅव्हल कंपनीत मी पंधरा वर्षं तिकिटं काढली ती बंद पडली आणि चाळिशीला टेकल्यावर मी या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तक्रारी घ्यायला लागलो. टेबल, फोन आणि दिवसभर एकच वाक्य: वायफाय चालत नाही. मी ते लिहून घ्यायचो आणि पलीकडच्या टेबलावर ताईंना द्यायचो. लालबागला घरी आईला कामाचं स्वरूप समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुका हवेचो पगार गावता?" ताईंना हे सांगितलं तर त्या दहा मिनिटं कामाच्या राहिल्या नाहीत.

आठवड्याभरात फळीच्या कोपऱ्यात खरोखरच शेंगदाण्याच्या पुड्या दिसायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "अरे, नाही म्हणण्यात फार वेळ जातो. दिलेलं परवडतं." त्या फुकट वाटायच्या. त्यामुळे झालं असं की ज्या वॉर्डात शिरायला मोठमोठ्या डॉक्टरांना मेट्रनची नजर चुकवावी लागायची तिथे ताईंचं स्वागत व्हायचं. नातेवाईक खुर्च्या सरकवून वाट करून द्यायचे, "ताई, हिकडच्या कोपऱ्यात पण मोजा," असं आग्रहाने बोलवायचे. मेट्रननी जमिनीवरच्या सालांबद्दल तक्रार केली तेव्हा ताई शेंगदाण्यांवरून डाळ्यांवर आल्या. काम थांबलं नाही.

ताई मुळात या खात्यातल्या नव्हेत. विशीत असताना त्या याच हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. वडील गिरणीत होते, घर हॉस्पिटलच्या मागच्याच चाळीत. बोर्डावर बसून पंचवीसेक वर्षं त्यांनी "होल्ड करा" म्हटलं. मग तो बोर्ड गेला, आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि ताईंना स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली देण्यात आली. ती किल्ली त्यांनी परत केली आणि दादरला संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. वर्गात शिकवणारा मुलगा त्यांना आई म्हणायचा. दोन वर्षांनी परीक्षेत पहिली कोण आली हे त्या स्वतःहून सांगायच्या नाहीत, विचारावं लागायचं. विचारलं की मात्र गुणांसकट सांगायच्या.

छताला पांढऱ्या, जेवणाच्या ताटाएवढ्या थाळ्या लावलेल्या असतात ना, वायफाय त्यातून येतं. आमच्याकडे तशा दीडशेच्या वर होत्या आणि सगळ्यांचा लगाम ताईंच्या कॉम्प्युटरवर. कुठल्या थाळीने किती जोरात बोलायचं, कुठल्या चॅनलवर बोलायचं आणि कुणाचं काम आधी पोचवायचं, हे सगळं तिथून ठरायचं. शेजारशेजारच्या दोन थाळ्या एकाच चॅनलवर आल्या की एकमेकींच्या बोलण्यात बोलतात. म्हणून ताईंनी प्रत्येक मजल्याचा नकाशा भिंतीवर लावून त्यावर टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल, हिरव्या आणि मरून. लालच्या शेजारी लाल येता कामा नये. स्वतः ताई टिकली लावत नसत, पण दादरच्या दुकानात त्यांच्याइतकं मोठं गिऱ्हाईक दुसरं नसावं. एकदा बाहेरून आलेल्या इंजिनियरने भारावून विचारलं, "मॅडम, हे कुठलं सॉफ्टवेअर?" ताईंनी पाकीट काढून दाखवलं.

सगळं जग त्यांना एकच सांगायचं: ताई, जोर वाढवा. आणि ताई कमी करायच्या. मलाही हे कळेना. रोज तक्रारी मी घेत होतो, सिग्नल कमी आहे म्हणून लोक माझ्या अंगावर येत होते आणि या बाई पलीकडे बसून आवाज उतरवत होत्या. एके दिवशी मी चिडून बोललो.  दुपारी ताई मला घेऊन खाली ॲम्ब्युलन्सच्या मोकळ्या जागेत गेल्या. त्यांच्या हातात सिक्युरिटीवाल्याचा भोंगा होता.

"तू त्या टोकाला जा. गेटपाशी."

मी गेलो. ताईंनी भोंगा तोंडाला लावला. "माझं ऐकू येतंय का?"

सगळ्या परळला ऐकू येत होतं. मी ओरडून म्हटलं, "हो!"

"आज डब्यात काय आणलंयस?"

"बांगड्याचं तिखलं!"

"काय?"

"बांगडा! बांगडा!"

"काही कळत नाही! मोठ्याने बोल!"

मी घसा फोडून बांगडा म्हणत होतो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी "बांगडा म्हणतोय तो!" असं खाली ओरडलं. ताईंनी भोंगा खाली केला आणि चालत माझ्यापाशी आल्या.

"थाळीला भोंगा देता येतो," त्या म्हणाल्या. "खिशातल्या फोनला कुठून आणणार? थाळीचं फोनला ऐकू येतं, फोनला वाटतं वा, काय जवळ आहे ही! आणि मग तो बिचारा लांबून ओरडत बसतो, हिला ढिम्म कळत नाही. त्यापेक्षा थाळीने हळू बोलावं. म्हणजे फोन जवळची दुसरी थाळी शोधतो. बोलायला दोघं लागतात रे. पंचवीस वर्षं जोडून दिलीत मी माणसं."

संध्याकाळपर्यंत सगळं हॉस्पिटल मला बांगडा म्हणायला लागलं होतं. अजून म्हणतं.

रांगेच्या बाबतीत ताई कुणाचं ऐकत नसत. पहिला नंबर सिस्टरच्या फोनचा, दुसरा औषधाच्या पट्टीवरचा कोड वाचणाऱ्या यंत्राचा, मग डॉक्टरांची कामं, मग ऑफिस, शेवटी पाहुणे. पाहुण्यांना ठरावीक हिस्सा, पण सगळ्यांना सारखा; जनरल वॉर्डातल्या बाईला जेवढा तेवढाच डिलक्स रूमवाल्याला. सर्जरीचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, ते एकदा स्वतः खाली आले. क्रिकेटची मॅच होती आणि त्यांच्या केबिनमध्ये चित्र अडकत होतं.

"माझ्या केबिनला जरा वरचा नंबर द्या."

"सर, दिला असता. पण तुमची मॅच सिस्टरच्या फोनच्या पुढे उभी राहील. तुमच्याच पेशंटसाठी त्या फोन करत असल्या तर?"

मोठे सर वर गेले. त्यांच्या पडद्यावर गोलंदाज धावत येता येता थांबला तोच खाली वॉचमनच्या रेडिओभोवती आरडाओरडा झाला. विकेट पडली होती. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मोठे सर पांढऱ्या कोटासकट वॉचमनच्या स्टुलावर बसलेले दिसले, आणि पुढच्या सगळ्या मॅच त्यांनी तिथेच ऐकल्या.

मग नवे प्रशासक साहेब आले. त्यांना हॉस्पिटल चमकवायचं होतं. मोठ्या सरांचं एक अवघड ऑपरेशन सभागृहात पडद्यावर थेट दाखवायचं ठरलं. बाहेरून पुष्कळ डॉक्टर बोलावले. त्यासाठी एक एजन्सी आणली. एजन्सीचा टाय लावलेला तज्ज्ञ टिकल्यांचे नकाशे बघून गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "जोर फुल करू. चॅनल रुंद करू. हे हिस्सेबिस्से सगळे काढून टाकू. ऑपरेशनचा कॅमेराही वायफायवरच टाकू, तार ओढायला नको."

ताईंनी विरोध केला. तोंडी केला, मग लेखी केला, चांगला दोन पानी. साहेबांनी तो वाचला की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ताईंचा पासवर्ड बंद झाला आणि त्यांना तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या केसपेपरांच्या मोजणीला बसवलं. जाताना त्यांनी फळी माझ्या टेबलाखाली ठेवली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा न हसता पाहिलं. म्हणाल्या, "होल्डवर टाकलंय मला." त्यावर मला हसू आलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी साहेब फोन हातात घेऊन मजल्यामजल्यावर फिरत होते. "बघा, किती दांड्या! सगळीकडे फुल!" खरंच होतं ते. तळमजल्याच्या संडासातही फुल दांड्या. मलाही क्षणभर वाटलं, ताई चुकल्या की काय.

दहाला सभागृह भरलं. प्रत्येक डॉक्टरकडे दोन फोन आणि एक लॅपटॉप. सव्वादहाला माझा फोन वाजला. मग वाजतच राहिला. तिसऱ्या मजल्यावरून सिस्टरचं बोलणं तुकड्यातुकड्यात येत होतं: "बांगडा... औष... यंत्र... फिरतंय... नुसतं फिर..." पाचव्या मजल्यावरचे फोन कुणी सभागृहातल्या थाळीला चिकटले होते, कुणी समोरच्या कॅन्टीनच्या इमारतीतल्या. अर्ध्या तासात सिस्टर्सनी नाद सोडला आणि जुन्या पद्धतीने चिठ्ठ्या लिहून धावायला सुरुवात केली. जिन्यावर वॉर्डबॉय मामा खाली, आयाबाई मावशी वर, चिठ्ठ्यांची अदलाबदल मधल्या पायरीवर. मेट्रन स्वतः धावताना मी त्या दिवशी पाहिल्या, आणि सांगतो, त्या पहिल्या आल्या असत्या.

सभागृहात त्याहून मजा चालली होती. पडद्यावर मोठे सर हात वर केलेल्या अवस्थेत थिजले होते. हातात चिमटा, नजर खाली. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. पाहुण्यांना वाटलं सर विचार करतायत. श्वास रोखून सगळे बघत होते. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेतले एक वृद्ध डॉक्टर हळूच म्हणाले, "काय हा स्थिरपणा!" आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिकडे ऑपरेशन थिएटरमध्ये मोठे सर अर्थातच व्यवस्थित काम करत होते आणि कुणालाही ऐकू न जाणारं भाषण देत होते.

तज्ज्ञ घामाघूम होऊन लॅपटॉपवर बडवत होता. ज्या पडद्यावरून सगळ्या थाळ्यांचा लगाम खेचायचा तो पडदाच उघडेना, कारण तोही वायफायवरून उघडत होता.

मी तळघरात धावलो. ताई नाकाला रुमाल बांधून केसपेपर मोजत होत्या.

"ताई, चला."

"तीनशे बारा," ताई म्हणाल्या. "कुठे?"

मी जमेल तसं सांगितलं. थिजलेल्या सरांपर्यंत आलो तेव्हा रुमालामागचे खांदे हलायला लागले. चिठ्ठ्या घेऊन धावणाऱ्या सिस्टर्सचं सांगितलं आणि ते हलायचे थांबले. ताई उठल्या. वाटेत माझ्या टेबलाखालून फळी गळ्यात घातली आणि ड्रॉवरमधून निळ्या तारेचं वेटोळं घेतलं.

सभागृहाच्या दारात साहेब उभे होते. "ताई, काहीतरी करा हो!"

"लेखी द्या, साहेब."

साहेबांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर उभ्या उभ्या लिहिलं: ताईंना जे करायचे ते करू द्यावे. खाली सही. ताईंनी ते शांतपणे वाचलं, साहेबांना तारीख घालायला लावली आणि पत्रिका ब्लाउजमध्ये खोचली. मग तज्ज्ञाच्या लॅपटॉपशेजारी आपला लॅपटॉप ठेवून भिंतीतल्या भोकात निळी तार घातली. पडदा झटक्यात उघडला. तज्ज्ञाने निमूटपणे नवा पासवर्ड सांगितला. तो त्याच्या मुलीचं नाव आणि एक दोन तीन असा होता.

"आधी सभागृह करा," साहेब म्हणाले.

"आधी वॉर्ड."

"ताई, बाहेरून लोक आलेत!"

"आलेत ना. आणि सगळे ठणठणीत आहेत, साहेब. आधी वॉर्ड."

पुढची चाळीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. ताई मजला घ्यायच्या, मला म्हणायच्या, "लाव फोन." सेटिंग बदललं की थाळ्या क्षणभर गप्प होतात, म्हणून आधी सांगावं लागायचं. तारेचा फोन कानाला लावून मी लावून द्यायचो आणि ताई त्या जुन्या, मधाळ, पंचवीस वर्षांच्या आवाजात बोलायच्या: "तिसरा मजला? सिस्टर, अर्धं मिनिट होल्ड करा हं." टकटक टकटक. जोर खाली. रुंद केलेली चॅनल पुन्हा अरुंद, पुन्हा लाल, हिरवं, मरून, नकाशाकडे न बघता. सिस्टरचा फोन वर, यंत्र त्याच्या मागे, पाहुण्यांना सारखा हिस्सा. "बोला आता." पलीकडून सिस्टरचा खणखणीत आवाज आला की ताई चौथ्याकडे वळायच्या. सहावा झाला, सातवा झाला. जिन्यावरची पळापळ कमी होत गेली. एक मामा उरलेली चिठ्ठी घेऊन आला आणि ही कुणाला द्यायची ते आठवेना म्हणून ताईंनाच देऊन गेला. तीत लिहिलं होतं: बेड नऊ, चहा बिनसाखरेचा. ताईंनी तोही फोन करून कळवला.

सगळ्यात शेवटी सभागृह. ताईंनी पाहुण्यांच्या फोनांना चाप लावला आणि कॅमेऱ्याला वाट करून दिली. पडद्यावर मोठ्या सरांचा हात एकदम खाली आला. ते म्हणाले, "...आणि झालं. आता फक्त टाके." सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट! सर्वांत मुश्कील भाग कुणीच बघितला नव्हता, पण असा आनंद मी क्वचित पाहिला असेल. ताई बाहेर कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसून भिंतीला टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि शेजारी बसून मेट्रन डाळे खात होत्या.

आठवड्याने ताईंना मेमो आला. सभागृहात चित्र येण्यास विलंब का झाला याचा खुलासा करावा. ताईंनी कार्यक्रमपत्रिकेची प्रत जोडून एका ओळीत उत्तर दिलं: विलंब नव्हता, क्रम होता. उत्तर वर जाण्याआधी मेट्रननी ते वाचायला म्हणून मागून घेतलं. परत आलं तेव्हा त्याखाली सगळ्या मजल्यांच्या सिस्टर्सच्या सह्या होत्या आणि तळाला, डॉक्टरी अक्षरात, न लागणारी एक सही. ती मोठ्या सरांची होती असं नंतर कळलं. मेमोबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. ताई आपल्या टेबलावर परत आल्या. साहेब वर्षभरात दुसरीकडे गेले.

गेल्या वर्षी ताई रिटायर झाल्या. कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठेवला. शाल झाली, नारळ झाला, मोठे सर बोलले. ताईंना दोन शब्द बोला म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बोलत नाही. एक मागते. या कॅन्टीनच्या इमारतीतल्या थाळ्या एक मिनिट बंद करा. मला एकदा रिकामी हवा बघायचीय."

त्या इमारतीत वॉर्ड नव्हते. मोठ्या सरांनी मान डोलावली. ताईंच्या हाताखाली शिकून कारभार आता माझ्या हातात आला होता. मी बटण दाबलं. ताईंनी शाल सावरून फळी गळ्यात घातली आणि पडद्याकडे बघितलं.  मला वाटलं पडदा कोरा दिसेल.

"अगंबाई!" ताई म्हणाल्या. "केवढी गर्दी!"

आमच्या थाळ्या गप्प होताच आजूबाजूचं सगळं परळ पडद्यावर उतरलं होतं. समोरचा टॉवर, मागची चाळ, कोपऱ्यावरचं सलून, गल्लीतलं मंडळ. ताई घरोघरच्या आणि फोनाफोनातल्या वायफायचं एकेक नाव मोठ्याने वाचायला लागल्या. "फुकट्यांनी येऊ नये."

"ते खालच्या झेरॉक्सवाल्याचं!" कुणीतरी ओरडलं.

"खोली नंबर बावीस."

"आमच्या मावशींचं ते!"

"सासूबाई झोपल्यात."

हशा. कॅन्टीनच्या गल्ल्यावरची मुलगी लाजून म्हणाली, "ताई, ते माझं."

"पप्पांचा पासवर्ड मागू नका." यावर पन्नाशीचे एक मामा मागच्या बाकावर उभे राहिले, छाती पुढे काढून म्हणाले, "अपुनका है!" आणि सगळं कॅन्टीन टाळ्या वाजवायला लागलं. प्रत्येक नावाला ताई मान उचलून विचारायच्या, "कुणाचं?" आणि कुणी ना कुणी हात वर करायचा. बोर्डावर बसल्यासारख्या त्या एकेकाला हाक मारत होत्या.

एक मिनिट केव्हाच होऊन गेलं. वरच्या ऑफिसातून फोन यायला लागले होते. मी ताईंपाशी वाकून हळूच विचारलं, "ताई, लावू का आता?"

"थांब रे," ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "अजून चाळ राहिलीय."